माथ्याची, पोटाची, पायथ्याची

दुपारी जेवून आडवा झालो आणि डोळा लागला, की मी अजून खड्ड्यात उतरतो. निवृत्त झालो, नाशिक रोडला तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो, कुंडीतल्या तुळशीपलीकडे मातीशी संबंध उरला नाही. पण झोपेला हे कोण सांगणार? झोपेत मी गळ्याइतक्या खोल खड्ड्यात उभा असतो. नाकासमोर मातीची उभी भिंत असते, वर गवताची मुळं लोंबत असतात, पायाखाली दगड असतो आणि आत कुठूनतरी ओल सरकल्याचा आवाज येत असतो. ओलीला आवाज नसतो हे मला जागेपणी चांगलं माहीत आहे. झोपेत असतो. बायको म्हणते, "अहो, गादी उकरताय. या वयात दुसरी मिळायची नाही." हे ती गादीबद्दल बोलते की स्वतःबद्दल, हे मी अजून विचारलेलं नाही.

सगळी नोकरी मी माती तपासण्यात काढली. कुठल्या प्रयोगशाळेत ते विचारू नका, नाशकात होती एवढं पुरे. लग्नकार्यात कोणीतरी पानाला चुना लावत हमखास विचारतो, "मातीत तपासायचं काय असतं हो? माती ती माती." असं म्हटलं की माझं डोकं फिरतं. अरे बाबा, तू हातात धरलायस तो चुनासुद्धा कधीतरी कुठल्यातरी डोंगरातून पाण्यानं सोडवून आणलेला असेल! पण लग्नात भांडू नये म्हणून मी मठ्ठा मागून घेतो.

गिऱ्हाईकं मात्र एकेक नग यायची. एकानं जेवणाच्या डब्यात माती आणली होती, वरच्या पुडात पोळी-भाजी आणि खालच्यात शेत. त्र्यंबकेश्वरच्या बाजूचा एक भातवाला दरवर्षी यायचा आणि दरवर्षी तेच म्हणायचा, "साहेब, आमच्याकडं एवढा पाऊस, तरी माती भुकेलीच कशी?" मी सांगायचो, पाऊस एवढा, म्हणूनच भुकेली. धुऊन धुऊन तिच्यातलं सगळं गेलं. आणि नामपूरहून एक म्हातारबाबा यायचे, कांदेवाले. ते चिमूटभर माती जिभेवर ठेवत, डोळे मिटत आणि म्हणत, "माटी खारी शे." मग माझ्याकडे बघून मिश्किलपणे विचारत, "तुमनं मशीन काय सांगस?" माझं मशीन दोन दिवसांनी तेच सांगायचं. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू.

ही माती होते कशी, ते मला पुस्तकांपेक्षा एका स्वप्नानं जास्त शिकवलं. त्या स्वप्नात मी माणूस नसतोच, पाणी असतो. मी टेकडीच्या माथ्यावर पडतो. तिथं मला थारा नसतो. माती चार बोटं, खाली काळा पाषाण. बहुतेक मी घरंगळतच जातो. थोडासा मात्र फटीत शिरतो. वाटेत मुळांचा श्वास लागून मी किंचित आंबट झालेलो असतो, म्हणून दगड मला हळूहळू सुटत जातो. त्यातला चुना मी घेतो, सोडा घेतो, जे जे विरघळेल ते घेतो. लोखंड काही माझ्याबरोबर येत नाही. ते मागं राहतं, गंजतं, म्हणून माथ्याचा मुरूम तांबूस दिसतो. दगडाचे कांद्यासारखे पापुद्रे सुटतात आणि आतला गाभा तसाच टणक राहतो. मग मी टेकडीच्या पोटातून तिरका तिरका उतरायला लागतो. घाई अजिबात नसते. पोटात मी येतो आणि जातो, येतो आणि जातो, म्हणून तिथं दगड चांगला शिजतो, माती मऊ, भुरी, कमरेइतकी होते. आणि पायथ्याला आलो की पेंग येते. पुढं उतार नसतो. तिथं मी बसतो. साखर भरपूर झालेल्या चहात आणखी साखर विरघळत नाही, तसं माझं झालेलं असतं. तिथल्या दगडाकडून मला काही घेता येत नाही. उलट ऊन मला पिऊन टाकतं आणि माथ्यापासून जपून आणलेला चुना मी तिथंच खाली ठेवतो. दर पावसाळ्यात थोडा, हजारो पावसाळे. पायथ्याची माती काळी, जड, चिकट होते आणि तिच्यात पांढरे खडे धरतात. एकच टेकडी, एकच दगड, एकच पाऊस, पण तीन ठिकाणी तीन तऱ्हेची माती. फरक एवढाच, की पाणी कुठं थांबलं आणि कुठून निघून गेलं.

इतकं सगळं मला ठाऊक होतं. नमुना कसा घ्यावा याचा तक्ता मीच भिंतीवर लावला होता, त्यात ठळक लिहिलं होतं, 'उतार बदलला की नमुना वेगळा घ्यावा.' येईल त्याला तो तक्ता मी वाचायला लावायचो. आणि तरीही मी ते केलं, जे मला आज सांगायचं आहे.

दिंडोरीच्या बाजूच्या एका गावातून दगूनाना नावाचे शेतकरी आले होते. सत्तरीचे, अंगानं काटक, बोलायला कमी. त्यांची जमीन टेकडीच्या उतारावर, माथ्यापासून खाली नाल्यापर्यंत एकाच गटात. थोरला मुलगा अपघातात गेलेला. त्याची बायको सुनंदा आणि धाकटा मुलगा भाऊसाहेब, अशा दोघांत हयातीतच वाटणी करून द्यायची नानांची इच्छा होती. दोघांनाही द्राक्षबाग लावायची होती. नानांनी जुन्या धोतराच्या तीन पिशव्या आणल्या होत्या. एकीला एक गाठ, दुसरीला दोन, तिसरीला तीन.

"ही माथ्याची, ही पोटाची, ही पायथ्याची," ते म्हणाले. "तिन्ही एकाच गटातल्या हायेत."

दिवस होते उन्हाळ्याचे. त्या दिवसांत आमच्याकडे पिशव्यांचा डोंगर व्हायचा, पाय ठेवायला जागा नसायची. काम उरकावं म्हणून आमच्यात एक रीत पडली होती, लेखी नाही, तोंडी: एक गट, एक नमुना. नाना वळले आणि मी तिन्ही पिशव्या एका कागदावर ओतल्या. माती छान कालवली, गोल पसरली, चार भाग केले, समोरासमोरचे दोन टाकून दिले, उरलेले पुन्हा कालवले, अर्धा किलो उरेपर्यंत. आमच्या धंद्यात याला शिस्तीचं काम म्हणतात. माझा हात त्यात फार बसलेला होता.

अहवाल सुरेख आला. सामू, म्हणजे आंबट-खारेपणा, ठीक. चुना मध्यम. द्राक्षास योग्य. यायचाच तसा! माथ्याला चुना नाही, पायथ्याला उदंड, कालवल्यावर मध्यमच होणार. अशी माती त्या टेकडीवर कुठंच नव्हती. ती फक्त माझ्या कागदावर होती.

अहवाल घ्यायला आले तेव्हा नानांनी विचारलं, "आमच्याकडं उताराची जमीन उभीच वाटत्यात, साहेब. माथ्यापासून नाल्यापत्तूर पट्टा. म्हणजे समद्यांना समदं मिळतं. पण पट्टे लय अरुंद व्हत्यात, ट्रॅक्टर वळत नाय. आडवी वाटली तर चालंल का?"

मी अहवालावर टिचकी मारली. "नाना, माती सगळीकडे सारखीच आहे. आडवी वाटा, नाहीतर तिरकी वाटा!"

रांगेतले लोक हसले. मीही हसलो. नाना नमस्कार करून गेले.

त्यानंतर तीन वर्षांनी, होळी झाल्यावर, एक बाई माझ्या टेबलापुढे येऊन उभी राहिली. तिनं ओच्यातून वेलीची एक फांदी काढून समोर ठेवली. पानं पिवळीधमक, फक्त शिरा हिरव्या. शेतकरी याला केवडा पडला म्हणतात. नाव किती सुंदर, आणि रोग बघा.

"मी सुनंदा, दगूनानांची सून," ती म्हणाली. "खालचा अर्धा माझा हाय. नानांनी मला मुद्दाम काळी जमीन दिली, हिरीजवळची, मला सोपं जावं म्हणून. तीन वरसं झाली. वर भाऊसाहेबांची बाग बघा, डोळं निवत्यात. माझी ही अशी. औषध मारलं की आठ दिवस हिरवी, पुन्हा पिवळी."

"मग?"

"मग काय! कागद तर एकच हाय. माती सारखी, येल सारखा, पाणी एकाच हिरीचं. वायला काय हाय? तर मी. गावात म्हणत्यात, बाईच्या हाताला यश नाय. आधी बाया म्हणायच्या, आता नानासुदिक गप बसत्यात. आखाजीपासून भाऊसाहेब माझी जमीन कसणार, मला वर्षाला धान्य देणार, असं घरात ठरत आलंय." आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडे शेतीचं साल तिथून धरतात. तिनं टेबलावर दोन्ही हात ठेवले. "साहेब, मला फकस्त येवढं सांगा. दोष मातीचा का माझ्या हाताचा?"

मी जुनं रजिस्टर काढलं. गट क्रमांक मिळाला, नमुना एक. आणि गाठी मारलेल्या त्या तीन पिशव्या मला लख्ख आठवल्या. आता माणसानं काय करावं? तोंड उघडावं. पण मी काय केलं? आमच्या प्रत्येक अहवालाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ छापलेली असायची: 'निष्कर्ष शेतकऱ्याने आणलेल्या नमुन्यापुरते मर्यादित.' त्या ओळीवर मी बोट ठेवलं आणि म्हणालो, "बाई, नमुना जसा आला तसा तपासला. पुन्हा आणा, पुन्हा बघू."

तिनं ती ओळ वाचली, फांदी उचलली आणि गेली. मला निवृत्तीला वर्ष राहिलं होतं. मी घाबरलो होतो, दुसरं काही नाही.

त्यानंतर माझं स्वप्न बिघडलं. मी पाणी होऊन माथ्यावरून निघायचो, पोटातून उतरायचो, पायथ्याशी येऊन पेंगायचो, आणि तिथं माझ्यावर कोणीतरी फावडं मारायचं. दचकून उठायचो. बायकोनं दोन-चार दिवस पाहिलं आणि मग सरळ विचारलं. मी सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "जा की मग. सदैव लोकांना खड्डे खणायला सांगता, आता तुम्ही खणा."

रविवारी पहिल्या गाडीनं गेलो. नाना ओट्यावर होते. भाऊसाहेब ट्रॅक्टरला तेल घालत होता. तिशी-पस्तिशीचा, तापट, पण कामाला वाघ. सुनंदाबाई मला बघून हातातलं काम ठेवून बाहेर आल्या. मी म्हणालो, "तीन खड्डे घ्यायचे आहेत. एकेक ठिकाणी एकेक."

"आता कशापायी?" भाऊसाहेब म्हणाला. "आखाजी तोंडावर आली. ठरलंय आमचं."

"ठरू दे. खड्डा तर बघा."

माथ्यावर त्यानंच पहार घेतली. परक्या माणसानं आपल्या बागेत खणावं हे त्याला सहन होईना. वीतभर माती, मग तांबडा मुरूम, मग ते पापुद्रे सुटणारे गोल दगड. मी खिशातून पातळ आम्लाची बाटली काढली आणि थेंब टाकला. काही नाही. थेंब मुकाट जिरला. "इथं चुना नाही," मी म्हणालो. पोटातल्या खड्ड्याला मी हात लावला, कुदळीनं तळहाताला फोड आले. तिथं माती भुरी, मोकळी; थेंब टाकला तर अगदी कान देऊन ऐकावं इतपत चुरचुर झाली. खालचा खड्डा सुनंदाबाईंनी खणला. कोणाला हात लावू दिला नाही. चैत्रातली काळी जमीन, हात जाईल एवढ्या भेगा, ढेकूळ फुटता फुटेना. गुडघाभर खाली गेल्यावर पांढरे खडे लागायला लागले, आणि आणखी खाली तर काळ्यापेक्षा पांढरंच जास्त. मी थेंब टाकला.

फसफसून फेस वर आला. सोड्याची बाटली उघडावी तसा. भाऊसाहेब एक पाऊल मागं सरला.

मग मी खड्ड्याच्या काठावर बसलो आणि माझं स्वप्न त्यांना सांगितलं. स्वप्न आहे असं म्हणालो नाही. पाणी कुठून निघतं, काय घेतं, कुठं ठेवतं ते सांगितलं. "या मातीत लोखंड आहे," मी म्हणालो, "पण चुन्यामुळे वेलीला ते घेता येत नाही. ताट वाढलेलं आहे आणि तोंड शिवलेलं. इथं द्राक्षं कोणीही लावली असती तरी पिवळीच पडली असती. भाऊसाहेब, तुम्हीसुद्धा लावली असती तरी. हिच्यात गहू घ्या, हरभरा घ्या, बघा कसा येतो."

तिघंही टेकडीकडे बघत राहिले. ऊन चढलं होतं, वरून गार वारा येत होता, आणि खरं सांगतो, त्या क्षणी मलाही आतून पाणी उतरल्याचा आवाज आला, अगदी जागेपणी.

"पण मग कागदावर..." भाऊसाहेबानं विचारलं.

इथं बारीक अक्षरातली ती ओळ पुन्हा आठवली. नमुना जसा आला तसा. एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं, कारण जमीन तर आता समोर उघडी पडली होती.

"कागद माझ्यामुळे चुकला," मी म्हणालो. "नानांनी तीन पिशव्या वेगवेगळ्या आणल्या होत्या. मी तिन्ही एकत्र कालवल्या. गर्दी होती, मला कंटाळा आला होता. आणि सुनंदाबाई विचारायला आल्या तेव्हा मला सगळं आठवलं होतं, तरी मी खोटं बोललो."

नाना काठीनं ढेकूळ ढोसत होते. मग म्हणाले, "भाऊसाहेब, पुन्हा वाटू. उभी."

"म्हंजी माझ्या बागेच्या मधून तार ओढायची?"

"व्हय. मधून."

भाऊसाहेब वर आपल्या बागेकडे बघत उभा राहिला. त्याचंही चूक नव्हतं हो, तीन वर्षं पोटच्या पोरासारखी वाढवली होती. मला वाटलं, आता हा पहार माझ्या डोक्यात घालतो. पण तो वळला तो सुनंदाबाईंकडे. "वहिनी, निम्म्या वळी तुमच्या. पण तुमच्या तुम्हीच छाटायच्या, मी हात लावायचो नाय. आन् आखाजीचं ऱ्हाऊ द्या. तो विषय संपला."

तीन वर्षांत पहिल्यांदा त्या बाईच्या हाती कोणीतरी निरोगी वेल सोपवत होतं. ती खड्ड्यातच उभी होती, कमरेपर्यंत काळ्या मातीत. माझ्याकडे बघून म्हणाली, "तीन वरसं, साहेब. भाकरी थापताना, निंदताना, कवाबी. मी माझंच हात बघत व्हते. ह्यांच्यात काय हाय आसं, म्हणून."

मी मान खाली घातली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

तेव्हा नानांनी घसा खाकरला. "येकट्या साहेबाला बोलू नगं, पोरी. त्या दिशी मी दारातून मागं वळून पाह्यलं व्हतं. ह्यांनी तिन्ही पिशव्या येका कागदावर ओतल्या, मला दिसलं. मनात आलं, आरं, हे काय करत्यात? पण म्हटलं शिकलेला माणूस हाय, त्यांना ठावं आसंल. तसाच गेलो. निम्मी चूक माझी हाय."

सुनंदाबाईंनी पदरानं तोंड पुसलं, खड्ड्याच्या काठावर हात टेकले आणि एका झेपेत वर आल्या.

"नाना, तुम्ही गप बसा," त्या म्हणाल्या. "वाटण्या करून काय व्हतं ते बघितलं ना? आता चुकीची तरी वाटणी करू नका. साहेबाची चूक हाय, साहेबाकडंच ऱ्हाऊ द्या. सगळी."

मग आम्ही चौघंही चहाला घराकडे निघालो. वाटेत भाऊसाहेबानं माझ्या हातातली कुदळ काढून घेतली. त्यांच्या टेकडीचे पुढं चांगले दोन उभे पट्टे झाले. माझ्या वाट्याचं मी घेऊन आलो, ते अजून माझ्याकडेच आहे.